चारशे कमी

कोटेशन नागपूरहून मोबाइलवर आलं,
घडी पडलेल्या कागदाचा फोटो, आकड्यावर शाईचा डाग.
रॅम, सोळाच्या दोन. पुढची जागा कोरी.
वेग सांगा, दुकानदार म्हणतो, मग भाव सांगतो.

सिंदेवाहीत वेग मला कुणी विचारला नव्हता.
इथे विचारतात, लग्नाची कॅसेट कधी देता.
अजून कॅसेटच म्हणतात, मी पेनड्राइव्ह देतो.
तेरा मेची चार लग्नं पडून आहेत
आणि जुनं यंत्र हळदीलाच अडकतं:
नवरीच्या गालाजवळ बोट,
वर गोल गोल फिरणारी चकती.
तेवढ्यात माझा चहा होतो. कधी आंघोळही.

नीलू मडावी वहीत रेघा मारते.
आयटीआयची पोरगी, मनगटात
इन्सुलेशन टेपचं काळं कडं.
छपन्नशे. सहा हजार. चौसष्टशे.
"सर्वात मोठी घेऊ," मी म्हणालो, "एकदाच घ्यायची आहे."
"मोठा आकडा म्हणजे जलद असं नाही ना जी.
हे चौसष्टशेवाली पळते जोरात,
पण हाक मारली का ओ द्यायले चाळीस ठोके.
सहा हजारवाली तिसातच ओ देते."
तिनं भागाकार मांडला. तीस भागिले तीन हजार.
"तीन कुठून आले?"
"डब्यावर सहा लिहिते, खरा ठोका तीनच.
झुल्यावानी. जाताना एक देते, येताना एक."

पटलं नाही, म्हणून दामोदर ठेंगण्यांच्या राईस मिलवर गेलो.
वेगातलं कळणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.
पट्टा फटफटत होता, भुवयांवर कोंडा.
रॅम मला त्यांना समजावता आली नाही,
पुली त्यांनी मला समजावली.
"एका साली मोटरले मोठी पुली लावली.
दिवसाचे दहा पोते जास्त निघाले, बाप्पा.
अन् सारी कणी."
माझ्या तळहातावर मूठभर तांदूळ ओतला,
एकेक दाणा लांब, टोकासकट.

सहा हजारवाली घेतली. चौदाशे रुपये जास्त.
पार्सल एसटीनं आलं, कंडक्टरच्या सीटखालून.
नीलूनं दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दाबली,
टक् वाजेपर्यंत, दोन्ही टोकांना.
बटण दाबलं. पंखे फिरले.
पडदा काळा.

एक मिनिट. दोन. माझ्या पोटात चौदाशे रुपये.
"हात नका लावू," ती म्हणाली,
"बोर्ड अन् रॅम पहिल्यांदाच भेटून राहिले.
पाहण्याचा कार्यक्रम चालू हाय."
चौथ्या मिनिटाला अक्षरं आली:
अठ्ठेचाळीसशे.
मी पावती शोधायला उठलो, तोवर
तिनं निळ्या पडद्यातली एक ओळ चालू केली.
सहा हजार. बस, तेवढंच होतं.

रात्रभर तपासणी लावली. नवतपा सुरू,
कूलरचं पाणी संपलेलं, स्टॅबिलायझर घुमतोय.
तीन वाजून दहा मिनिटांनी
हिरव्या रांगेत एक ओळ लाल.
एकच.
"एक चूक म्हणजे किती?" मी सकाळी विचारलं.
ती टेपचं कडं फिरवत राहिली.
"एखाद्या लग्नात नवरदेवाच्या तोंडाजागी
हिरवा चौकोन. किंवा काहीच नाही.
कोणत्या लग्नात, ते सांगता येत नाही."

छपन्नशेवर आणली. दुसऱ्या रात्री लाल काही नाही.
तिसऱ्याही.
पावतीवर सहा हजार आहे, फाइलला लावली.
उरलेले चारशे हिवाळ्यात पाहू, नीलू म्हणते,
तोवर उन्हाचा वाटा समजा.

ठेंगण्यांना सांगितलं.
पट्ट्यावरची नजर न काढता म्हणाले,
"कणी नाही ना?"

नाही.
तेरा मेचं पहिलं लग्न लावलं.
बोट गालाजवळ आलं, टेकलं, पुढे गेलं,
मागून मामी, मावशी, कुणीतरी रडणारं,
सगळी हळद एका दमात.

चहा राहिलाच.